ट्रम्पेट कॉलने रानटर्कीची शिकार: साधने आणि लपण यांविषयी नवख्यांसाठी मार्गदर्शन

अमेरिकेतील रानटर्कीची वसंतातील शिकार पाठलाग करून केली जात नाही. शिकारी जंगलात एका झाडाला पाठ टेकून बसतो, मादीच्या आवाजात साद घालतो आणि नर त्या सादेच्या रोखाने चालत येण्याची वाट पाहतो. निसर्गात बहुतेक वेळा याच्या उलट घडत असते: नर आपल्या जागी उभा राहून ओरडतो, पिसारा फुलवतो आणि माद्या त्याच्याकडे जातात. म्हणजे आपण त्या पक्ष्याला त्याच्या रीतीविरुद्ध वागायला लावत असतो, आणि म्हणूनच सादेला येणारा नर डोळ्यांत तेल घालून, दर काही पावलांवर थांबून, आवाज आला त्या जागी मादी दिसते का हे निरखत येतो. तिच्याऐवजी माणसाचा हात हलताना दिसला, तर त्या सकाळी तो पुन्हा दृष्टीस पडत नाही.

भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीची वाट जवळजवळ बंद झाली. त्यामुळे पेनसिल्व्हेनिया, न्यू जर्सी किंवा टेक्सासमध्ये स्थायिक झालेल्या मराठी माणसाला या छंदाचे बाळकडू घरातून मिळालेले नसते. आवाज काढून पक्षी बोलावण्याची विद्या आपल्याकडे नव्हती असे नाही. विदर्भातील फासेपारधी तित्तर-बटेरांचे आवाज हुबेहूब काढण्यात वाकबगार मानले जात, पण ती विद्या शहरी घरांपर्यंत कधी पोहोचली नाही. म्हणून हा लेख अगदी पहिल्या पायरीपासून लिहिला आहे आणि तो मुद्दाम ट्रम्पेट कॉल, म्हणजे मादीचा आवाज काढायची नळी, या एकाच साधनाभोवती ठेवला आहे. हे साधन वाजवायला हात आणि ओठ दोन्ही लागतात, आणि टर्कीपासून सर्वांत आधी लपवायला हवेत ते हात आणि चेहराच. कपडे, बसण्याची जागा, बंदूक धरण्याची पद्धत, हे सारे याच एका अडचणीकडे पाहून ठरवावे, असे माझे ठाम मत आहे.

परवाना आणि कायदा

प्रत्येक राज्याचे वन्यजीव खाते दरवर्षी शिकारीचे नियम प्रसिद्ध करते आणि ते स्वतः वाचल्याशिवाय कोणतीही खरेदी करू नये. पहिला परवाना घेणाऱ्याला बहुतेक राज्यांत शिकारी-प्रशिक्षणाचा अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. वसंतातील हंगाम फ्लोरिडासारख्या दक्षिणेकडील भागात मार्चमध्येच सुरू होतो, तर ईशान्येकडे तो मे महिन्यात रंगतो. या हंगामात सहसा नर, किंवा नियमांच्या भाषेत छातीवर दाढी (लोंबणारा केसांसारखा झुबका) असलेला पक्षी, एवढाच मारता येतो. ध्वनिमुद्रित आवाज वाजवणे आणि दाणे टाकून पक्षी जमवणे यांवर बहुतेक राज्यांत बंदी आहे.

एच-१बी किंवा तत्सम तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांनी एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. संघीय कायद्यानुसार अशा व्यक्तीला बंदूक किंवा काडतुसे बाळगण्यास सर्वसाधारणपणे मनाई आहे. अमेरिकेतील एखाद्या राज्याचा वैध शिकारीचा परवाना जवळ असणे हा त्याला एक अपवाद आहे. म्हणून आधी परवाना आणि मगच बंदुकीला हात, हा क्रम मोडू नये. मित्राची बंदूक काही क्षण हाती घेण्यालाही हीच अट लागू होते. मनात किंचितही शंका असल्यास इमिग्रेशनच्या वकिलाला विचारून घ्यावे.

ट्रम्पेट कॉलची ओळख आणि निवड

टर्कीच्या पंखातील पोकळ हाडे एकमेकांत बसवून केलेली नळी हे या साधनाचे मूळ रूप आहे. अमेरिकेच्या मूळ रहिवाशांकडून ते पुढच्या शिकाऱ्यांकडे आले. १९व्या शतकाच्या अखेरीस चार्ल्स जॉर्डन या शिकाऱ्याचा कॉल प्रसिद्ध झाला आणि २०व्या शतकाच्या पूर्वार्धात मेम्फिसच्या टॉम टर्पिनने बनवलेल्या कॉलना मोठे नाव मिळाले. आजच्या ट्रम्पेटचे दोन मुख्य भाग असतात. मुखनलिका डेलरिन नावाच्या कठीण प्लॅस्टिकची, हाडाची, शिंगाची किंवा पितळेची असते. पुढची नळी अक्रोड, कोकोबोलो, आफ्रिकन ब्लॅकवुड अशा घट्ट लाकडातून कातलेली असून ती टोकाकडे रुंद होत जाते. मुखनलिकेवर रबराची किंवा लाकडाची एक चकती असते. ओठ तिला टेकतात, त्यामुळे नळी दर वेळी सारखीच आत जाते.

नाव ट्रम्पेट असले तरी यात फुंकर मारायची नसते, हवा आत ओढायची असते. मटणाच्या नळीतला रस ओढताना ओठ जसे आवळले जातात, तशीच ही क्रिया आहे, फक्त अधिक हलकी आणि तुटक. ओठ मुखनलिकेच्या टोकाशी थरथरतात आणि त्या थरथरण्यातून सूर निघतो. हा सूर स्वच्छ असतो, दूरवर पोहोचतो आणि पावसाळी हवेतही बदलत नाही. खडू लावलेली लाकडी पेटी किंवा पाटीचा कॉल ओला झाला की मुका होतो, हे पाहता ट्रम्पेटची ही बाजू फार मोलाची आहे. तोंडात ठेवायच्या पडद्याच्या कॉलला मात्र हात लागत नाहीत, आणि लपण्याच्या दृष्टीने तो ट्रम्पेटपेक्षा सरस आहे हे मान्य केले पाहिजे. म्हणून असा एक कॉल शेवटच्या काही यार्डांसाठी जवळ असावा.

पहिला ट्रम्पेट घेताना नक्षी आणि दुर्मीळ लाकूड यांच्या मागे लागू नये. हाताने केलेल्या चांगल्या कॉलची किंमत १०० डॉलरच्या पुढे सुरू होते, आणि नामांकित कारागिरांकडे प्रतीक्षायादी असते. नवख्याने डेलरिनची मुखनलिका आणि जागा बदलता येणारी चकती असलेला साधा कॉल घ्यावा. चकती कुठे असावी हे प्रत्येकाच्या ओठांच्या ठेवणीवर ठरते, त्यामुळे सरावाच्या पहिल्या काही दिवसांत ती पुढे-मागे सरकवून आपली जागा शोधावी आणि तिथे एक बारीक खूण करून ठेवावी. सांध्यावर चकाकणारी धातूची कडी असेल, तर तिच्यावर गडद, निस्तेज कापडी पट्टी गुंडाळावी.

आवाजाचा सराव

सराव हंगामाच्या किमान दोन-तीन महिने आधी सुरू करावा आणि रोज थोडाच करावा, कारण ओठांचे स्नायू लवकर थकतात आणि थकलेल्या ओठांनी चुकीची सवय लागते. पहिले काही आठवडे केवळ क्लक, म्हणजे एकच तुटक, कोरडा सूर. तो खात्रीने निघू लागला की येल्प घ्यावा. येल्पमध्ये सूर वरच्या पट्टीत सुरू होऊन खाली मोडतो, आणि मादी असे चार-सहा सूर ठरावीक लयीत काढते. सुरापेक्षा लय महत्त्वाची आहे. खऱ्या माद्यांचे आवाजही पुष्कळदा बेसूर असतात, पण त्यांची लय सहसा चुकत नाही. त्या पक्ष्यांची ध्वनिमुद्रणे ऐकून, सोबत मनात ताल धरून वाजवावे. पर, म्हणजे समाधानाने घुमणारा हलका आवाज, ट्रम्पेटवर काढणे कठीण आहे आणि पहिल्या हंगामात त्याची गरजही नाही.

दुसऱ्या हाताची ओंजळ नळीच्या तोंडाशी धरून आवाज कमी-जास्त केला जातो: मिटली की हलका आणि जवळचा, उघडली की मोठा आणि दूरचा. हे दोन हातांचे तंत्र जमले की लगेच एका हाताचे तंत्र शिकावे. नळी अंगठा आणि तर्जनी यांच्यात धरायची आणि उरलेल्या तीन बोटांनी तिच्या तोंडाभोवती आडोसा करायचा. आवाज थोडा कमी वळतो, पण दुसरा हात बंदुकीवर राहतो, आणि जंगलात हा फायदा फार मोठा आहे. सरावही खुर्चीत बसून करू नये. जमिनीवर, भिंतीला पाठ टेकून, गुडघे वर घेऊन, मुखवटा आणि हातमोजे घालून करावा.

टर्की काय पाहते

टर्कीचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात, त्यामुळे मान न वळवता तिला सुमारे २७० अंशांचा परिसर दिसतो आणि मान थोडी वळवली की मागचे सारे दिसते. तिला रंग उत्तम दिसतात आणि अतिनील प्रकाशाचा काही भागही जाणवतो. हालचाल तर ती क्षणात टिपते. तिचे नाक मात्र कमजोर आहे. हरणाच्या शिकारीसाठी विकली जाणारी गंधनाशके टर्कीसाठी घेणे म्हणजे पैसे वाया घालवणे होय. कमी उजेडात तिला नीट दिसत नाही आणि ती रात्र झाडावर काढते, म्हणून उजाडण्यापूर्वी आपल्या जागी पोहोचून स्थिर होणे हे लपण्याचे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक साधन आहे.

कपड्यांवरील छद्मरंग त्या आठवड्यातील जंगलाशी जुळणारे असावेत: पालवी फुटण्याआधी राखाडी-तपकिरी, नंतर हिरवे. बहुतेक कपडे धुण्याच्या पावडरींत चमक आणणारी द्रव्ये असतात आणि त्यांमुळे कापड अतिनील प्रकाशात उजळून दिसते, म्हणून शिकारीचे कपडे अशा द्रव्यांविना असलेल्या साबणाने वेगळे धुवावेत. लाल, पांढरा आणि निळा हे रंग अंगावर कुठेही नकोत, अगदी मोज्यांत किंवा आतल्या बनियनच्या गळ्यातही नकोत. वसंतात नराचे डोके याच तीन रंगांचे असते, आणि दुसऱ्या शिकाऱ्याला त्यांची झलक दिसणे जिवावर बेतू शकते. खाली बसल्यावर पँट वर सरकते आणि पांढरे मोजे उघडे पडतात. ही बारीक गोष्ट आरशासमोर बसून तपासून पाहावी. चष्मा असल्यास पुढे झुकलेली टोपी घालावी, म्हणजे काचांवर ऊन पडत नाही. घड्याळ खिशात आणि फोन बंद.

चेहरा आणि हात

डोक्यावरून ओढायचा मुखवटा ओठ झाकतो, आणि ओठ झाकले तर ट्रम्पेट वाजत नाही. दर वेळी मुखवटा खाली ओढणे आणि पुन्हा वर घेणे म्हणजे चेहऱ्यासमोर हात हलवत राहणे, आणि तेच टाळायचे आहे. याला तीन उपाय आहेत. पहिला, जाळीच्या मुखवट्याला तोंडापाशी एक छोटे छिद्र पाडून त्याची कड शिवून घेणे आणि मुखनलिका त्यातून आत घेणे. दुसरा, नाक आणि गाल झाकून ओठांच्या वरच थांबणारा अर्धा मुखवटा घालणे आणि हनुवटीला रंग लावणे. तिसरा, पूर्ण चेहरा रंगवणे. माझी पसंती पहिल्या उपायाला आहे, कारण छिद्राची सवय आठवडाभरात होते आणि चष्माही जाळीआड राहतो. कोणताही उपाय निवडला तरी ओठांवर रंग, मेण किंवा लिप बाम लावू नये; तो मुखनलिकेच्या टोकाशी साचतो आणि सूर बिघडतो. ओठ कोरडे पडू नयेत म्हणून पाण्याची छोटी बाटली मात्र हाताशी ठेवावी.

हातमोजे पातळ आणि मनगटाच्या वरपर्यंत जाणारे असावेत. कॉल धरणाऱ्या हाताच्या अंगठ्याचे आणि तर्जनीचे टोक कापल्यास नळीवरची पकड आणि सूर दोन्ही सुधारतात, पण तेवढी उघडी त्वचा रंगवून घ्यावी. तळहाताकडे तर विशेष लक्ष द्यावे. तो हाताच्या पाठीपेक्षा बराच उजळ असतो, आणि ओंजळ उघडताना नेमका तोच समोर वळतो. म्हणून मोज्याचा तळवाही गडद, छद्मरंगी असावा. पकडीसाठी लावलेले पांढरट रबराचे ठिपके असलेले मोजे घेऊ नयेत.

कॉल गडद, न चमकणाऱ्या दोरीने गळ्यात अडकवावा. दोरीची लांबी अशी असावी की सोडलेला कॉल छातीच्या मध्यावर अलगद टेकेल आणि बंदुकीच्या दस्त्यावर आपटणार नाही. लाकूड धातूवर वाजल्याचा आवाज टर्कीला लगेच ओळखू येतो. वाजवताना दोन्ही कोपरे बरगड्यांना चिकटलेली ठेवावीत आणि कॉलचे तोंड वर आलेल्या गुडघ्याच्या मागे राहील असे पाहावे, म्हणजे बोटांची उघडझाप समोरून दिसत नाही.

ईशान्येकडील राज्यांत मे महिन्यात गोचिडांचा उपद्रव मोठा असतो आणि त्यांच्यामुळे लाइम रोग होतो. कपड्यांवर ०.५ टक्के परमेथ्रिन या कीटकनाशकाची फवारणी आदल्या दिवशी करून ते वाळू द्यावे. हे औषध त्वचेवर लावायचे नसते. डीट (कीटक दूर ठेवणारे रसायन) असलेले मलम हातांना लावून कॉल धरू नये, कारण ते काही प्लॅस्टिक आणि लाकडावरील रोगण खराब करते, शिवाय त्याच हाताने मुखनलिका तोंडात जाते.

जागा आणि आडोसा

आदल्या संध्याकाळी पक्षी कोणत्या झाडावर चढले हे ऐकून ठेवता आले तर उत्तम. पहाटे त्या झाडापासून सुमारे १०० ते १५० यार्डांवर, शक्यतो त्याच्या पातळीवर किंवा किंचित उंचावर बसावे. मध्ये ओढा, कुंपण किंवा दाट झुडपांचा पट्टा असेल तर नर अनेकदा त्याच्या पलीकडेच थांबतो.

पाठीमागचे झाड खांद्यांपेक्षा रुंद असावे. ते आपली आकृती मोडते, आणि मागून येणाऱ्या शिकाऱ्याच्या छऱ्यांपासून वाचवतेही. सावलीत बसावे. समोर गुडघ्याइतक्या उंचीचा विरळ आडोसा पुरतो. वाळलेल्या फांद्या टोचून तो दोन मिनिटांत उभा करता येतो, मात्र सरकारी जमिनीवर जिवंत झाडे तोडू नयेत. आडोसा फार दाट केला तर बंदूक फिरत नाही आणि ती फिरवण्याच्या धडपडीतच आपण दिसतो. ट्रम्पेट वापरणाऱ्याने जागा निवडताना आणखी एक विचार करावा. नराला आवाजाची जागा १०० यार्डांवरून उघडी दिसली आणि तिथे मादी नसली, तर तो तिथेच थांबेल. तेव्हा एखाद्या उंचवट्याच्या किंवा वळणाच्या अलीकडे असे बसावे, की आवाज कोणी काढला हे पाहण्यासाठी त्याला ३० ते ३५ यार्डांच्या आत यावेच लागेल. अशा जागी शेवटचा सूर काढून कॉल खाली सोडेपर्यंत तो उंचवट्याआडच असतो.

जाडजूड आसन जोडलेला शिकारीचा जॅकेट ही चैन समजू नये. मुळांवर बसलेला माणूस अर्ध्या तासात चुळबुळ करू लागतो आणि ती चुळबुळ कोणताही छद्मरंग लपवू शकत नाही. मुलांना सोबत नेणाऱ्यांनी सरळ कापडी तंबू वापरावा; टर्की सहसा त्याला बिचकत नाही आणि आत, काळे कपडे घालून, ट्रम्पेट दोन्ही हातांनी निश्चिंत वाजवता येतो.

मादीची एखादी प्रतिकृती सुमारे २० यार्डांवर, थोडी बाजूला ठेवली तर नराची नजर आपल्यावरून हटते. ती नेताना-आणताना पूर्ण झाकलेली असावी.

बंदूक

१२ किंवा २० गेजची छऱ्यांची बंदूक आणि घट्ट चोक (छऱ्यांचा फैलाव आवळणारे नळीचे अरुंद तोंड) पुरेसा आहे. हंगामाआधी ४० यार्डांवर कागद लावून छऱ्यांचा फैलाव तपासावा. १० इंचांच्या वर्तुळात सुमारे १०० छरे बसावेत, असा प्रचलित मापदंड आहे. तेवढे बसत नसतील तर अंतर कमी करावे. नेम डोक्याच्या टोकावर धरू नये; मानेवर, पिसे संपतात त्याच्या किंचित वर धरावा. पिसारा फुलवलेला नर मान आखडून घेतो, म्हणून तो मान ताठ करेपर्यंत थांबावे. जखमी होऊन निसटलेला पक्षी ही शिकाऱ्याची जबाबदारी आहे, आणि दूरचा बार टाळणे हा त्यावरचा खरा उपाय.

पक्षी येताना

उजव्या हाताने बंदूक चालवणाऱ्याने डावा खांदा पक्ष्याच्या दिशेला करून बसावे, बंदूक डाव्या गुडघ्यावर टेकवावी, उजवा हात दस्त्यावर ठेवावा आणि डाव्या हातात कॉल घ्यावा. सुरक्षाकळ लावलेली आणि बोट चापाबाहेर. उजाडताना दोन-तीन हलके सूर पुरतात. पक्षी जमिनीवर उतरल्यावर येल्पची एक माळ वाजवावी, त्याने उत्तर दिले की थांबावे आणि तो जवळ येत असल्यास गप्प राहावे.

बसल्याबसल्याच समोरचे एक झाड किंवा उंचवटा हेरून ठेवावा आणि नर तिथे पोहोचल्यावर ट्रम्पेट वाजवायचा नाही, असे आधीच ठरवावे. साधारणपणे ही रेषा ६०-७० यार्डांवर असावी. तिच्या अलीकडे तो आला की कॉल छातीवर सोडून डावा हात बंदुकीखाली जावा, आणि गरज भासलीच तर तोंडातील पडद्याच्या कॉलवर एखादा क्लक द्यावा. नवख्याला इथे मोह होतो, कारण पक्षी दिसू लागतो आणि आणखी एक सूर काढावासा वाटतो; पण उत्तर न मिळाल्यानेच तो शोधत पुढे येत असतो. बंदूक वर घ्यायची असेल तर त्याचे डोके झाडाआड जाईल तेव्हा, किंवा तो वळल्याने फुललेला पिसारा त्याच्या आणि आपल्या मध्ये येईल तेव्हाच. आवाज बंद झाला म्हणून उठू नये; कित्येक नर न ओरडता येतात, म्हणून निदान अर्धा तास तसेच बसावे.

सुरक्षितता

टर्कीच्या आवाजाच्या दिशेने दबकत जाऊ नये. तो आवाज काढणारा दुसरा शिकारी असू शकतो. आपल्या ट्रम्पेटचा आवाज चांगला असेल तर आपल्याकडेही कोणीतरी येईल, हे गृहीत धरावे. माणूस दिसला तर हात हलवू नये, कॉल वाजवू नये, उठून उभे राहू नये. स्थिर बसून मोठ्या, स्पष्ट आवाजात बोलावे. पक्ष्याचे पूर्ण शरीर आणि दाढी पाहिल्याशिवाय, तसेच त्याच्या मागे काय आहे हे कळल्याशिवाय, चापाला बोट लावू नये.

शिकार मिळाल्यास राज्याच्या नियमाप्रमाणे चिठ्ठी जागेवरच भरून पक्ष्याला बांधावी आणि नोंदणी मुदतीत करावी. पक्षी खांद्यावर उघडा टाकून जंगलातून चालू नये. तो भडक नारिंगी कापडात गुंडाळावा. घरी आल्यावर मुखनलिका वेगळी करून आतली लाळ पाइप साफ करायच्या मऊ तारेने पुसून काढावी, दोन्ही भाग सावलीत वाळू द्यावेत आणि मगच जोडावेत. कॉल तापलेल्या गाडीत ठेवू नये, कारण लाकूड तडकते, आणि बारीकशी चीर पडली तरी हवा गळून सूर धरत नाही.